इतिवृत्तात नसलेलं

इतिवृत्तात एवढंच आहे:
'श्रीमती मॅकआस्किल यांनी बोटीच्या वेळेबद्दल म्हणणं मांडलं.'
मीच लिहिलंय. चिटणीस मी.
पण त्या ओळीत चहाचा बंब नाही, ओले कोट नाहीत,
आणि ती उठली तेव्हा खुर्चीने फरशीवर काढलेला
तो लांबलचक कर्कश आवाज नाही,
ज्याने सगळं बेट मान वळवून बघू लागलं.

एफी. टपालाची लाल गाडी.
बावीस वर्षं दारोदार, आणि एवढ्या वर्षांतलं
तिचं सर्वांत लांब भाषण:
'इथं सही करा. वारा आहे, दार लावून घ्या.'
शाळेत कविता म्हणायची वेळ आली
की तिच्या नाकातून रक्त यायचं. खरंच यायचं.
शेजारी मी. माझा रुमाल जायचा.

त्या हिवाळ्यात लोकांनी पाहिलं,
गाडी वळणावर उभी, काचा बंद,
आत ती एकटीच हातवारे करतेय.
कुणी म्हणालं, बाई गेली कामातून.
समोर रस्ता अडवून सात मेंढ्या.
मेंढ्या चांगलं ऐकतात, ती मला नंतर म्हणाली,
फक्त मधेच चरायला लागतात.
मग मी तेवढं वाक्य गाळून टाकायचे.

मावसबहिणीने, शीनाने, फोनवर सल्ला दिला होता:
समोरच्यांना कोबीचे गड्डे समज.
एफीने करून पाहिलं. जमेना.
कोबीला पत्र कोण पाठवतं?
तिला प्रत्येक गड्ड्याचं दार ठाऊक होतं,
कुणाकडे बँकेची पाकिटं न फोडता पडतात,
कुणाच्या मुलाचं येतच नाही काही.

तर ती उठली. चार घड्यांचा कागद
बंद खोलीत, वाऱ्याशिवाय, फडफडत होता.
कंपनीचे दोन गृहस्थ पेनांची टोपणं काढून
सौजन्याने थांबलेले.
तिने पहिलं वाक्य वाचलं.
ते तिच्या स्वेटरच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत पोचलं.

मागच्या रांगेतून मर्डो, वय एक्याण्णव,
कानातलं यंत्र नेहमीसारखं घरी विसरलेला:
'काय म्हणते ती? मला काही ऐकू येत नाही!'

कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली
आणि खिशातला रुमाल चाचपला,
पंचेचाळीस वर्षांनी, सवयीने.

एफीने कागद खुर्चीवर ठेवला.
मर्डोच्या दारात ती रोज जशी बोलते,
वाऱ्याच्या वरून, बेंबीच्या देठापासून, तशी बोलली:
'मर्डो! शेवटची बोट चार दहाला सुटते!
टॉर्किलच्या हातातली सुई चारला निघते!
इस्पितळापासून धक्का वीस मिनिटांवर!'
'मग तो शीनाकडे राहतो ना?'
'शीना गेल्या वर्षीच ग्लासगोला गेली!
माझा भाऊ धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून रात्र काढतो!
आठवड्यातून तीनदा!'
'हे मला माहीत नव्हतं!'
'कसं असेल? मी कधी बोललेच नाही!'

तिथे ती थांबली.
हे वाक्य मेंढ्यांनी ऐकलेलं नव्हतं.
बंब तेवढा कुजबुजत होता.

मग आणखी सहा मिनिटं, नजर मर्डोवर,
आवाज आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून जाणारा,
आणि जाता जाता प्रत्येकाला हात लावणारा.
बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात.
हिने आज पोतं सोडलं, तर आत गहू.
गृहस्थ लिहू लागले.

खाली बसताना गुडघे लटपटले, ते मी पाहिलं.
भीती गेली असं ती आजही म्हणत नाही.
म्हणते, होती की, शेजारीच बसली होती,
मीच तिच्याकडे बघितलं नाही.

बोट आता पाच वाजता सुटते. फक्त मंगळवारी.
उरलेल्या दोन दिवसांसाठी मार्चमध्ये पुन्हा सभा.
काल टपाल देताना गाडीची काच खाली करून म्हणाली,
माझं नाव पहिलं लिही.
आणि मर्डोला सांग,
ते यंत्र घरीच असू दे.