दीड वीत

मेच्या शेवटी तळं आकसून म्हशींपुरतं उरतं.
तेव्हा उतरलो आम्ही:
मी, शौकत, तीन इंची पाईप, घण.
काठावर बिडी न पेटवता नुसती धरून बसलेले
केरबा कुंभार. वय विचारलं तर म्हणाले,
"तुमच्या यंत्रानं काढा की."

पाईप रुतत गेला.
पहिला हात सहज, दुसरा कुरकुरत,
तिसऱ्याला शौकतच्या खांद्यातून आवाज आला.
वर काढताना चिखलानं जो सुस्कारा सोडला
तो ऐकून एक म्हैस मान वळवून बघत राहिली.

विद्यापीठाच्या टेकडीवर, प्रयोगशाळेत,
पाईप उभा चिरला, तारेनं माती दुभंगली.
केरबा हट्टानं सोबत आलेले. तार बघून म्हणाले,
"आम्ही दोऱ्यानं कापतो. चाकावरनं मडकं उतरवताना.
हात थांबला की वळ उठतो."

वर काळा गाळ, त्यात कारखान्याची काजळी,
शांपूच्या पुडीची चमकती चिंधी.
त्याखाली राखी. मग पिवळट, चुनखडीचे दाणे घेऊन,
दाताखाली करकरणारा
(हो, आम्ही माती चावून बघतो. हे घरी सांगत नाही).
तळाशी पुन्हा काळा, दाट.

भिंगाखाली परागकण.
तळाच्या काळ्यात जांभूळ, अंजनी,
दिवसभर पानांवरून ठिबकणारं रान.
पिवळ्यात बोर, बाभूळ, उघडा माळ.
आमच्या जिल्ह्यात हे समजायला पुस्तक लागत नाही:
सकाळच्या एस.टी.नं गगनबावड्याहून ओली छत्री घेऊन निघावं,
दुपारी शिरोळात ती ठणठणीत कोरडी.
पिवळा थर एवढंच सांगतो
की कधीकाळी शिरोळ उठलं
आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत इथवर येऊन बसलं.
मग परत गेलं.
का गेलं, ते लिहायचंय अजून.
पुन्हा निघालंय का, ते लोक मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात.

अडलं ते एका रेघेशी.
कोळशाच्या कणांच्या तारखा खाली खाली जुन्या होत जातात, शिस्तीत,
आणि राखी संपून पिवळा लागतो तिथं
एकदम सातशे वर्षांची उडी.
वहीत मी कारणं लिहिली: वाऱ्यानं नेलं. पुरानं धुतलं.
की आमचाच पाईप घसरला?
तिन्हींपुढं प्रश्नचिन्ह.

केरबांनी रेघेवर अंगठा टेकवला.
"ही आमचीच."
मला वाटलं, माती म्हणतायत.
"रेघ म्हणतो मी. आज्ज्याच्या फावड्याची.
दीड वीत खणायची, जास्त न्हाई.
खाली खडं लागत्यात, भट्टीत मडकं उडतंय."

मग सगळं उलटं लागलं.
कोरड्या शतकांची माती खड्यांमुळं कुणाला नको होती,
ती राहिली.
भरल्या पावसाची, लोण्यासारखी,
गाढवांच्या पाठीवरून गंगावेशीला गेली,
घागरी झाली, चुली झाली, पणत्या,
कुणाच्या चितेभोवती तीन फेऱ्या मारून फुटली.
सातशे वर्षांचा पाऊस
कोल्हापूरनं वापरून टाकला.

"त्यातलं एखादं भांडं उरलंय?"
"रांजण हाय परसात. आज्ज्यानं केलेला."
मी म्हणाले, नखाएवढी कपची द्या.
भट्टीत पराग जळतात, पण पाण्यातल्या शेवाळाची
काचेची कवचं टिकतात कधीकधी, त्यावरून सांगता येईल
तळं तेव्हा किती खोल होतं.
त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.
"त्यात पाणी हाय," म्हणाले.
जणू यापुढं बोलण्यासारखं काही नसतं.

रात्री नोंदवहीत तिन्ही प्रश्नचिन्हं खोडली. लिहिलं:
खोली एक मीटर बारा. इथं थर नाही.
थर केरबा कुंभारांच्या परसात, पेरूखाली.
स्थिती: ओला.
आज सकाळी निम्मा भरलेला.