दीड

कॅलमनं फोनवर विचारलं,
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा
उगाचच धास्तावल्यासारखं झालं?
शून्य, एक, दोन की तीन?

मी म्हटलं, दीड.

तो थांबला. त्याच्या कागदावर
दीडला चौकोन नव्हता.
पंचविशीचा असेल पोरगा. त्याच्यामागे कुठेतरी
किटली उकळून खट्‌कन बंद झाली.
असलं मला ऐकू येतंच,
कान तपासणं हाच माझा धंदा.

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बिनखिडकीच्या खोलीत
बारा वर्षं मी लोकांना सांगत आले:
आवाज आला, कितीही बारीक असला,
तरी बटण दाबा.
भास वाटला तरी दाबा.

मग त्या मार्चात खोलीला कुलूप लागलं
आणि मला वर पाठवलं, तिसऱ्या मजल्यावर,
टॅबलेट धरून उभं राहायला.
काम एवढंच: पडद्यातली माणसं
खाटेवरच्या माणसाच्या कानापाशी न्यायची.
इतक्या घरघरीत त्याला ऐकू जातंय का,
जो तो मला विचारायचा.
मी त्यातली जाणकार. मी हो म्हणायचे.

एका बाईनं कुत्र्याचं भुंकणं ऐकवलं.
एकजण बापाशी भांडलाच,
शिडी कुठे ठेवलीयस, सांगून का नाही गेलास,
आणि मग उत्तराची वाट बघत बसला,
माझा हात भरून आला तरी
बसूनच राहिला.

हे कॅलमला सांगितलं नाही.
एवढंच सांगितलं, की फोन वाजला
की मी मोरीतला नळ सोडते, पूर्ण.
सफरचंदं अजून साबणानं धुते.
बसमध्ये कुणी खोकलं तर दोन थांबे आधी उतरते
आणि चढ चालत घरी येते,
आणि इथले चढ म्हणजे
कुणी शहर भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे.

शेजारची बेरिल असं काही विचारत नाही.
ऐंशी उलटलेली. तिच्या-माझ्या घरात एकच भिंत.
टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात
तिनं लाटण्यानं दोनदा ठोकलं.
मी दचकले. मग पळी उलटी धरून
मीही दोनदा ठोकलं.
तेव्हापासून रोज सकाळी नऊला.
दोन म्हणजे, आहे मी.
तीन म्हणजे दूध संपलंय, पायरीवर ठेव.
एकाचा अर्थ आम्ही ठरवलाच नाही.

नियम उठले. दुकानातल्या फरशीवरचे बाण
खरवडून निघाले, डिंक राहिला.
आता ती माझ्याकडे चहाला येते,
माझ्या पोह्यांवर व्हिनेगर मारून खाते.
तरी नऊला ठोकायचं ते ठोकतेच.

परवा नऊला फोन वाजला.
मी नळ सोडला आणि डोळे मिटून उभी राहिले,
पाण्याच्या आवाजात,
किती वेळ, देव जाणे.
मग दार. दारात बेरिल,
गाऊनवर कोट, हातात लाटणं,
धाप लागलेली, ओठ निळसर:
"अगं, अकरा वेळा ठोकलं मी. अकरा!"

अकराचा अर्थ मला लगेच कळला.

तिला खुर्चीत बसवलं. नळ बंद केला.
दोघींनाही काही सुचेना
म्हणून ती माझ्या सफरचंदांना नावं ठेवत बसली,
धुऊन धुऊन चव घालवलीस म्हणे.
एक खाल्लंन मात्र अख्खं,
बियांपर्यंत.

फोन परत वाजला.
हात नळाकडे गेला होता. बेरिलनं नुसतं बघितलं.
घेतला.
कॅलमच होता, मघाचाही तोच.
आज किती, म्हणाला.

सव्वा, मी म्हटलं, आणि त्याला समजावून सांगितलं,
पाव म्हणजे काय, पाऊण म्हणजे काय,
आमच्याकडे दोन आकड्यांच्या मध्येही
माणसं राहतात.
त्यानं घोटून पाहिला शब्द. साव्वा. सव्वा.
मग ओशाळून म्हणाला,
इथे मला एकच लिहावा लागेल.

लिही, म्हटलं.
पण वरचा पाव कुठे जातो रे?

त्याला ठाऊक नव्हतं.
शोधून सांगतो म्हणाला, पुढच्या मंगळवारी.