कडेचं प्यादं

ही पेटी लॅमिंग्टन रोडवरून आणली
तेव्हा पांढरी होती.
टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले होते टिळकनगरपर्यंत,
सायनच्या खड्ड्यात ड्रायव्हर म्हणाला, "ताई, झोपलंय का बाळ?"
आता तिचा रंग किडक्या दातासारखा,
पंखा सुरू झाला की शेजारचे जोगळेकर विचारतात
गिरणी कधी टाकलीत.

निनाद धुळप, वय तेरा, माझा शिष्य.
त्याच्या लॅपटॉपच्या कळांखाली दिवे लागतात.
"बाई, कुर्ल्याच्या भंगारवाल्याला देऊन टाका हिला."
मी म्हटलं, देईन. आधी एक डाव.

त्याच्या लॅपटॉपवर माझ्या जुन्या सीडीतला खेळाडू,
पेटीच्याच वयाचा.
पेटीत या वर्षीचा, पेन ड्राइव्हवरून,
जुन्या यंत्रावर चालेल अशी आवृत्ती
त्यानंच शोधली, हसत हसत.
म्हणजे म्हाताऱ्याला तरणं शरीर,
आणि तरण्याला माझी ही पेटी.

लॅपटॉप सेकंदाला पाऊण कोटी शक्यता बघत होता.
पेटी, धापा टाकत, सव्वा लाख.
मी चहा ठेवला.
उकळी यायच्या आत निनाद हसायचा थांबला.

काय झालं होतं मधल्या वर्षांत?
तांबं तेच, वाळू तीच, धूळही बरीचशी तीच.
कुठेतरी कुणी, नोकरीवरून आल्यावर,
एक ओळ बदलली.
हजारो डाव खेळवून पाहिले.
केसाएवढा फायदा. ठेवली.
दुसऱ्या कुणी एक ओळ काढूनच टाकली,
काही बिघडलं नाही.
तेही ठेवलं.
(हे मला फार आवडलं.
माझ्या माळ्यावर असं करायला हवं.)

एक युक्ती तर अशी:
आपली पाळी मनातल्या मनात सोडून द्यायची.
समोरच्याला म्हणायचं, खेळ, पुन्हा तूच खेळ.
तरीही आपलं बरं चाललं असेल
तर त्या गल्लीत शिरायचंच नाही.
युक्ती जुनी आहे.
ती कुठे चालत नाही, हे कळायला वेळ लागला.
मलाही लागला. पण तो विषय वेगळा.

विसाव्या खेळीला पेटीनं
कडेचं प्यादं पुढे सारलं.
हत्तीसमोरचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मग आणखी एक घर.
मी ओरडणारच होते,
तीस वर्षं याच गोष्टीवर पोरांच्या टपल्या मारल्यात.
आणखी एक घर.
लॅपटॉप पाऊण कोटी, पाऊण कोटी बघत राहिला,
त्याच्या राजाच्या दाराशी
ते प्यादं येऊन बसलं
भाडं मागायला आल्यासारखं.

एकेचाळिसाव्या खेळीला मात.

निनाद लॅपटॉपच्या खाली हात लावून म्हणाला, गरम झालाय.
मग, "बाई, पुन्हा?"
पुन्हा. पाच वेळा. एक बरोबरी.

तो गेल्यावर मी ट्रंकेतली वही काढली.
सत्त्याऐंशी सालचा डाव, दादरचा, हरलेला;
तेव्हा मी घरी येऊन जेवले नव्हते.
पेटीत भरला.
पंखा घुमला, घुमला,
आणि तिनं दाखवलं तेच, कडेचं.
त्या दिवशीही ते तिथेच उभं होतं,
मी बघितलं होतं त्याच्याकडे
आणि नियम आठवून नजर वळवली होती.
डोकं हेच होतं.
आजचंच.

शनिवारी वर्गात आले तर पोरं आधीच जमलेली.
फळ्यावर माझ्या अक्षरात कायमचं वाक्य:
कडेची प्यादी उगाच हलवू नका.
निनादनं तळहातानं
शेवटचा एकच शब्द पुसला होता.

मी खडू घेतला.
काही लिहिलं नाही.
म्हटलं, बसा, पट मांडा.