चंदावल

डंडीत समुद्रावरून जे धुकं नदीत शिरतं
त्याला इथले लोक म्हणतात हार.
पहिल्याच आठवड्यात मॉर्व्हन खिडकीशी उभी राहून म्हणाली,
बघ, हार.
येतेय की येतोय, ते तिच्या भाषेत कळायला मार्ग नव्हता.
मी आपली मनात लिंग लावत बसले:
तो असला तर गळ्यात पडेल,
ती असली तर पदरात.

माझं काम सैन्य चालवायचं
आणि कुठे अडतं ते लिहून ठेवायचं.
दिवसाला चाळीस लढाया. जिंकायची सक्ती नाही.
भालाईत चौकोनात, गोफणवाले त्यांच्या आडोशाला,
बगलेला दोन एकडोळे राक्षस, झाडं उपटून फेकणारे,
आणि देवळापाशी चार पुजारी
जे नुसते उभे राहिले तरी वर विजेचा साठा होतो.
पाचर घुसवायची असेल तर पुढे एक, मग तीन, मग पाच.
पहिला मरणार हे धरूनच ती आखलेली असते.
चौकोन घोड्यांना पुरून उरतो,
पण आभाळातून दगड आले की तीच दाटी अंगाशी येते.
तेव्हा हुकूम: सैल व्हा.
आणि दोनशे माणसं एकमेकांपासून दोन-दोन पावलं सरकतात,
भावकीत वाद झाल्यासारखी.

एक नियम मात्र मला आवडायचा.
तुकडी एकदा बांधली
की सगळ्यात मंद जो, त्याच्या पायाने सगळी चालायची.
घोडेसुद्धा.
पंखवाले सिंहसुद्धा हवेत ताटकळत,
खाली दगडफेकीचा गाडा कुरकुरत असताना.

मग पूल आला.
पुलावर चौकोन मोडतो, मोडायलाच हवा,
रुंदी तीन माणसांची.
सुईत ओवल्यासारखे बारीक होऊन जातात
आणि पलीकडे ज्याची जागा त्याला.
एक सोडून.
मागची रांग, डावीकडून अकरावा.
तो अलीकडेच स्वतःभोवती फिरत राहतो, घाण्याला जुंपल्यासारखा.
पलीकडे चौकोनात त्याच्या मापाची फट,
आणि सगळं सैन्य बाणांच्या पावसात उभं,
तो येईपर्यंत.

अहवालात लिहिलं:
पिछाडीचा एक भालाईत पूल ओलांडत नाही.
बाकीचे त्याची वाट बघत मरतात.
नऊ वेळांतून एकदा.
क्रेगने चष्मा वर केला. म्हणाला, वाट बघणंच काढून टाकू.
दोन ओळींचं काम.
शुक्रवारी दोन ओळी गेल्या.
सोमवारपासून सैन्य जिंकू लागलं.

घरी जाताना रेल्वेचा पूल लागतो
आणि त्याच्या शेजारी, पाण्यातून वर आलेले
आधीच्या, कोसळलेल्या पुलाचे खुंट.
वर काही नाही, तरी रांग सोडलेली नाही.
त्यांच्याकडे बघताना चौथीच्या इतिहासातला एक शब्द आठवला.
बिनीच्या उलट टोकाला असते ती.
सैन्य पुढे काढून देते, स्वतः मागे राहून झुंजते.
आणि मी त्याला लिहिलं होतं, अडकलेला.

जुनी आवृत्ती अजून माझ्याकडे आहे.
जेवणाच्या सुट्टीत उघडते, डबा खाता खाता.
पोळीचं तूप उंदराला लागतं, मग तोही जरा घसरतो.
नकाशावर न पाहिलेला मुलूख काळा,
पाहून सोडलेला करडा.
करड्यात तो एकटा गरगरतोय.
मी त्याला एकट्याला निवडते. पुलावर बोट ठेवते.
पाच पावलं. थांबतो.
पुन्हा बोट. तीन पावलं.

आज खिडकीबाहेर नदी नाही, खुंट नाहीत,
पलीकडचा किनाराही नाही.
काय बघतेस एवढं, मॉर्व्हन विचारते. हार?
हो, मी म्हणते,
येतोय.