रंगाखाली

रुहवेझा आला ती तिसरी बॅटरी घेऊनच,
खोकं काखेत, कोंबडी धरावी तसं.
म्हणाला, ही बसव, आणि लवकर,
कामवेंगे रस्त्याला गिऱ्हाईक थांबलंय.

आमच्या फोर्ट पोर्टलात कामाआधी लाडनावाने हाक मारतात.
अराली, म्हटलं, बस.
तो बसला. खोकं मांडीवरून उतरेना.

पहिली ईस्टरला गेली, दुसरी आता जातेय.
परवा चहाच्या मळ्यातून येताना
मागे पोट धरून बसलेली बाई,
आणि दिवा कसा, तर रेस दिली की उजेड,
उताराला रेस सोडली की
रस्ता नाहीसा.
शेवटी बाईनेच खांद्यावरून मोबाइलचा टॉर्च धरला.
भाडं त्याने पुरतं घेतलं, ते मात्र सांगितलं नाही.
बाई माझी मावसबहीण. मला कळलेलं होतं.

मीटर काढला. माझा मीटर म्हणजे
निम्मा प्लास्टिक, निम्मी चिकटपट्टी.
गाडी बंद: बारा पूर्णांक एक.
उपाशी आहे, पण धुगधुगी आहे.
किक मारली, रेस धरायला लावली त्यालाच:
बारा पूर्णांक चार.
हवे होते चौदाच्या आसपास.

अराली, म्हटलं, चूल पेटत नाही
आणि तू ताटं बदलतोयस.
रोग म्हशीला, औषध पखालीला.

तो म्हणाला, मग रेग्युलेटर बदल. सगळे तेच बदलतात.

सगळे बदलतात, खरं आहे.
त्याची दोन दिवसांची कमाई जाते त्यात,
आणि मीही बदलले आहेत पूर्वी, न मोजता,
गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून.
उस्ताद तिबाम्वेंडाला अक्षर वाचता येत नसे, आकडा येई.
तो म्हणायचा, माणसाचं ऐकून घे, मग तारेला विचार.

पिवळ्या तीन तारा सोडवल्या.
पहिली-दुसरी साठ, दुसरी-तिसरी साठ,
पहिली-तिसरी एकसष्ट. भांडण नाही.
गाडी बंद करून एकेक तार इंजिनाच्या अंगाला जोडून पाहिली,
मीटर गप्प.
इथे गप्प असणं चांगलं.

म्हणजे वीज तयार होतेय,
वाटेत कुठेतरी अडतेय.

तारा परत जोडल्या, गाडी चालू, दिवा चालू.
मीटरची काळी टोच बॅटरीच्या वजा टोकाला,
लाल टोच रेग्युलेटरच्या उघड्या धातूला.
इथे शून्याच्या शेजारचं काही यायला हवं.
आलं एक पूर्णांक सहा.

बोल्ट सोडला.
मागे निळा रंग. जाड, गुळगुळीत,
जसा दारावर देतात.

ख्रिसमसला दिला ना, रुहवेझा म्हणाला,
मेहुण्याने. गंज दिसायचा, लोक बसायला कचरायचे.
सुटं करून रंगवलंय सगळं, आतूनसुद्धा.
सुरेख बसलाय की नाही?

सुरेखच बसला होता.
मी चाकूने आणि पॉलिश पेपरने
नाण्याएवढी जागा खरवडली
आणि तो दर ओढीला डोळे मिटत होता,
जणू माझा चाकू त्याच्याच गुडघ्यावर.
खाली धातू उघडा पडला, पांढरा,
लोकांपासून लपवलेला.

बोल्ट आवळला. पाच मिनिटं चालू ठेवली.
चौदा पूर्णांक एक.
मी आकडा त्याच्याकडे वळवला. तो बघत होता
निळ्यातल्या त्या भोकाकडे.

किती झाले? मी सांगितले.
खरवडण्याचे? तो म्हणाला.
मोजण्याचे, मी म्हटलं.
घासाघीस झालीच.
दुकानदार माल परत घेत नाही, म्हणून
तिसरी बॅटरी अर्ध्या किमतीला मीच ठेवून घेतली.
माझा रेडिओ आता तिच्यावर बोलतो.

जाताना बजावलं, पाऊस धरायच्या आत
त्या जागेवर ग्रीस लाव.
लावलं नसेल.
मेहुण्याला बोलावून
रंगच लावला असेल.