वारा पडल्यावर

चांदोरीत बुरशीला कोणी चांगलं म्हणत नाही.
इथे पहाटे चारला ब्लोअर सुटतात तिच्या मागे.
केवडा, भुरी:
नावं ऐकून वाटावं गोठ्यातल्याच गायी,
पण आठवड्यात अख्खी द्राक्षबाग झोपवतात.

मी मात्र ती भातावर वाढवली.
रेशनचा तांदूळ, पिशवीसकट कुकरमध्ये शिजवलेला,
केंद्रातल्या शेलारमॅडमनी दिलेल्या बाटलीतलं विरजण,
मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी पिशवीचं तोंड
उघडायचं एवढंसंच, श्वास रोखून.
पाचव्या दिवशी पांढरं जावळ.
बाराव्या दिवशी हिरवं,
मुगाच्या सालीचं हिरवं, बोटांना लागणारं.
सासरे म्हणाले, भात नासला.
म्हटलं, हो, नासवलाय.

सुगीच्या कासेला, कानाच्या पाळीत, शेपटीच्या मुळाशी
गोचिडी, एरंडाच्या बियांसारख्या टच्च.
पिवळ्या डबीतलं औषध दोन वर्षं चाललं,
मग त्या त्यातून नुसत्या न्हाऊन निघू लागल्या.
दूध तेवढं ओतून द्यायचं, तीन-तीन दिवस.
आत्याबाई एकेक उपटून रॉकेलच्या वाटीत टाकायच्या.
एकशे बाराला त्यांचे डोळे थकले.

पोपट हांडग्यांची बाग गोठ्यापासून तीस पावलं.
त्यांचा फवारा बुरशी मारायचा,
माझा फवारा म्हणजे बुरशीच.
कुंपणाशी जाऊन विचारलं, तुमचं कधी असतं?
ते हसत सुटले.
मग टोपी सारखी करून म्हणाले,
बुधवार मोकळा ठेवतो.

बुधवारी, ऊन कलल्यावर, वारा पडल्यावर,
पंपात हिरवट पाणी, वर दोन चमचे तेल.
सुगी कातडं थरथरवत उभी.
भिंतीच्या भेगांतही मारलं,
जिथे एकेक मादी उतरून जाते,
तीन हजार अंडी घालते
आणि मरते, कामाला गेल्यासारखी.

मग काही झालं नाही.
विष असतं तर सकाळी खाली सडा दिसला असता.
हिला घाई नाही.
ती पाठीवर बसते, रुजते,
आत शिरायला वाट शोधते.
मी रोज बॅटरी घेऊन गोठ्यात.
चौथा दिवस. सहावा.
सासरे म्हणाले, तो भात खाल्ला असता तर बरं.

नवव्या दिवशी गव्हाणीखाली एक सापडली,
पाय पोटाशी घेतलेली.
आगपेटीत ओल्या कापसावर ठेवली.
दोन दिवसांनी पांढरी.
आणखी तीन दिवसांनी हिरवी,
मुगाच्या सालीची.

आगपेटी कुंपणाशी नेली.
पोपटभाऊ वाकून बघत राहिले,
मग एकदम दोन पावलं मागे सरले:
वहिनी, ती तिकडेच ठेवा.

सुगीच्या अंगावर अजून आहेत.
काल मोजल्या, एकोणचाळीस.
त्याहून जास्तही असतील, कानात नीट दिसत नाही.
दुसरी पिशवी पांढरी झाली आहे.

आज बुधवार.
पहाटे चारला जाग आली.
ब्लोअरचा आवाज नव्हता.