दोन्ही हिस्से माझेच

सरोवरावरचा बर्फ अजून हलत नाही.
डुलुथचा एप्रिल असाच, नावापुरता.
टेबलावर लॅपटॉप, आणि शेजारी
पियानोच्या बाकातून काढलेली पावत्यांची चळत:
तारा, फेल्ट, हातोडीचा नवा दांडा,
नि व्हॅनचे ब्रेक, जे कुठल्या रकान्यात जातात
देव जाणे.

सॉफ्टवेअर फार गोड बोलतं.
"नमस्कार, आयली! यंदा आयुष्यात काही बदल?"
खाली चौकोन. लग्न. घटस्फोट. मूल. घर.
वाद्यांच्या दुकानातली एकवीस वर्षांची नोकरी गेली
आणि डावा कान जरा मंदावला,
याला चौकोन नाही.
मी "वरीलपैकी काही नाही" दाबते.

कोपऱ्यात लाल आकडा, माझं देणं.
मैल लिहिले की बसतो,
मिसेस स्कोगलुंडचा चेक लिहिला की वर येतो
चुलीवरच्या दुधासारखा.

मग तो पडदा, अगदी शांतपणे:
शेकडा पंधरा पूर्णांक तीन.
नोकरीत अर्धा मालक भरायचा, मला पत्ताही नव्हता.
आता मालक कोण? मीच.
नोकर? तीही मीच.
दात माझेच, ओठ माझेच,
घास तेवढा सरकारचा.

सॉफ्टवेअरचे एकशे एकोणतीस डॉलर.
लेनर्ड ओस्टबीचे साडेचारशे,
चष्म्याच्या दुकानावरची माडी, जिन्यात ओल्या लोकरीचा वास.
बाबा बंदरात क्रेनवर होते, त्यांचे कागद तोच करायचा.
साडेचारशे म्हणजे तीन पियानो.
एखादा फारच बिघडलेला असला तर अडीच.
मी सॉफ्टवेअरकडेच झुकले होते,
उगाच खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात रोलंड टेस्कीचा निरोप आला, हरमनटाउनहून:
"उद्याचं राहू दे. मुलानं ॲप घेतलंय, दहा डॉलरचं.
पट्टी दाबली की सुई दाखवते
तार किती ताणायची. राग मानू नकोस."

राग नाही. सुई खरंच सांगते.
पण तो पियानो अठ्ठ्याण्णव वर्षांचा,
तळघरात राहिलेला, आतली फळी तडकलेली.
सुईचं ऐकून ताणला तर मधली तार तुटेल.
मी त्याला दर वर्षी अर्धा सूर खालीच ठेवते,
टेस्कीची बायको होती तेव्हा तिच्या गळ्याला तो तिथंच सोसायचा.
आणि प्रत्येक पंचम केसभर उतरता,
म्हणजे बाकीचे गुण्यागोविंदानं नांदतात.

पडद्यावर प्रश्न: "अजून आहात का?"

मंगळवारी जिना चढले.
ओस्टबीनं पावत्या पत्त्यांसारख्या पिसल्या.
चर्चचा पियानो मी फुकट लावला होता,
दीडशे डॉलर दान म्हणून लिहिले होते.
त्यानं पेन्सिलीनं ती ओळ खोडली.
"तारांचे धर. हातांचे धरता येत नाहीत.
स्वतःच्या वेळेचं दान सरकार मोजत नाही."
ब्रेकही खोडले, मैलांच्या दरात ते आलेच म्हणे.
म्हणजे देणं वाढलं.
वर त्याचे साडेचारशे.

पेन्सिल ठेवून तो म्हणाला,
"मी या बाजूनं बोललो की तू मान वळवतेस.
यंत्र घेतलंस तर पावती टाकू नकोस.
उपयोग होईलच असं नाही. पण टाकू नकोस."

पुढच्या वर्षी इथंच येईन का, ठरलेलं नाही.
तीन पियानो म्हणजे तीन पियानो.

परतताना व्हॅन आपसूक हरमनटाउनच्या रस्त्याला लागली.
टेस्कीच्या खिडकीत दिवा होता, कुणीतरी
एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होतं.
थांबले नाही.
घरी येऊन वहीत मैल लिहिले: अकरा.
मग खोडले.